उशाखालचें पिस्तूल

शस्त्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांचें लक्ष बहुधा रणांगणाकडे असतें. तोफांचे पल्ले, तलवारींचीं पातीं, किल्ल्यांचे बुरूज यांवर ग्रंथच्या ग्रंथ झाले आहेत; परंतु रात्रीं दाराला कडी घालून, दिवा मालवून, उशाशीं एखादें हत्यार ठेवून झोंपणाऱ्या साध्या गृहस्थाकडे इतिहासकाराची दृष्टि क्वचितच वळते. वस्तुतः हा गृहस्थ सर्व काळीं व सर्व देशीं आहे, आणि त्याचे प्रश्न तीनच आहेत. हत्यार आपल्या ऐपतींत बसणारें असावें. तें ऐनवेळीं दगा न देणारें असावें. आणि तें आपल्याच माणसांवर उलटूं नये. पैकीं पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें कारखानदारांनीं गेल्या दोनशें वर्षांत बव्हंशीं देऊन टाकलीं. तिसऱ्याचें उत्तर मात्र अद्याप कोणत्याहि कारखान्यांतून बाहेर पडलेलें नाहीं. हें कसें घडलें, हें घरगुती पिस्तुलाचा प्रसार ज्या देशांत अपरंपार झाला त्या अमेरिकेच्या इतिहासावरून पाहण्याचा आमचा विचार आहे. आणि आपल्या देशांत याच प्रश्नाचा निकाल निराळा कां लागला, याचीहि शेवटीं थोडी चर्चा करूं.

अमेरिकेची ही परंपरा मूळची इंग्लंडची. घर हा घरधन्याचा किल्ला होय, हें तत्त्व इंग्लंडांतील न्यायालयानें १६०४ सालीं सेमेन याच्या खटल्यांत मान्य केलें, आणि सर एडवर्ड कोक यानें तें आपल्या निकालसंग्रहांत नमूद करून ठेवल्यामुळें पुढें तें सर्वतोमुखीं झालें. पण किल्ला म्हटला कीं शिबंदी आली आणि हत्यारें आलीं. आणि तीं कोणाच्या घरीं असावीं याविषयीं इंग्रजी कायदा मुळींच उदार नव्हता. १६७१ च्या शिकारीच्या कायद्यानें, ज्याच्या मालकीच्या जमिनीचें उत्पन्न वर्षास शंभर पौंडांहून कमी अशा सामान्य माणसाला बंदूक बाळगण्याची मनाई झाली. १६८९ च्या हक्कांच्या सनदेंत प्रॉटेस्टंट प्रजाजनांना स्वसंरक्षणार्थ शस्त्र बाळगण्याचा हक्क मिळाला खरा. पण तोहि प्रत्येकाच्या दर्जास अनुरूप असेल तेवढाच. हा 'दर्जा' वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. शस्त्राचा हक्क आणि माणसाची ऐपत यांची जी गांठ तेथें पडली, ती पुढें अनेक रूपांनीं आपणांस भेटणार आहे.

त्या काळचें पिस्तूल म्हणजे गारेच्या ठिणगीवर उडणारें, एकाच बाराचें हत्यार. दारू सर्दली तर बार फुसका जाई. एकदां उडविलें कीं तें पुन्हां भरून होईपर्यंत चोरानें आपला कार्यभाग उरकलेला असे. शिवाय प्रत्येक पिस्तूल कारागिरानें हातानें घडविलेलें असल्यामुळें एकाचा भाग दुसऱ्यास बसत नसे, आणि किंमत कारागिराच्या कष्टांच्या दिवसांवर ठरत असे. ही स्थिति पालटण्यास कारण झालेला पुरुष म्हणजे सॅम्युअल कोल्ट. फिरत्या चक्रींत पांच-सहा बार भरून ठेवण्याच्या युक्तीचें अमेरिकन पेटंट त्यानें फेब्रुवारी १८३६ मध्यें घेतलें. पॅटर्सन येथील त्याचा पहिला कारखाना १८४२ सालीं बुडाला. पण मेक्सिकोशीं युद्ध जुंपल्यावर सरकारनें एक हजार रिव्हॉल्व्हरांची मागणी केली आणि १८४७ पासून त्याचें दैव उघडलें. हार्टफर्ड येथील कारखान्यांत त्यानें यंत्रांच्या साहाय्यानें एकसारखे भाग काढण्याची पद्धति पुष्कळच पूर्णतेस नेली, आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत आपला माल मांडून इंग्रजांसहि तोंडांत बोट घालावयास लावलें. कोल्टचें नांव घेतलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें घोडेस्वार व सैनिक उभे राहतात. पण १८४९ च्या नमुन्याचें खिशांत मावणारें लहान रिव्हॉल्व्हर त्यानें तीन लाखांहून अधिक विकलें, आणि त्याचे गिऱ्हाईक प्रवासी, दुकानदार व घरगृहस्थ होते.

तरीहि या रिव्हॉल्व्हरांत दारू, गोळी व टोपी हीं निरनिराळीं भरावीं लागत. आज भरून ठेवलेलें हत्यार सहा महिन्यांनीं काम देईल अशी शाश्वति नसे. आणि घरगुती हत्याराचें वैशिष्ट्य तर हेंच कीं, तें वर्षानुवर्षें पडून राहतें व एखाद्या रात्रीं अचानक लागतें. ही अडचण धातूच्या काडतुसानें दूर केली. चक्रींतील कोठे आरपार पाडून त्यांत मागून काडतूस घालण्याचें पेटंट रोलिन व्हाइट यानें १८५५ त घेतलें होतें. तें होरेस स्मिथ व डॅनियल वेसन या भागीदारांनीं प्रत्येक नगामागें पंचवीस सेंट देण्याच्या करारानें आपल्याकडे घेतलें, आणि १८५७ पासून त्यांचें चिमुकलें रिव्हॉल्व्हर बाजारांत आलें. बारा वर्षें हा धंदा त्यांच्याच मुठींत होता. १८६९ सालीं पेटंटाची मुदत संपली मात्र, आणि धरण फुटावें त्याप्रमाणें स्वस्त रिव्हॉल्व्हरांचा लोंढा सुटला.

या लोंढ्याचें स्वरूप समजण्यास किंमतींकडे पाहावें. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं कोल्टच्या उत्तम रिव्हॉल्व्हरास पंधरा डॉलरांच्या आसपास पडत, आणि साध्या मजुराची रोजची मिळकत डॉलर-दीड डॉलरांची असे. म्हणजे चांगलें हत्यार हा जवळजवळ दोन आठवड्यांच्या मजुरीचा प्रश्न झाला. उलट, न्यू इंग्लंडमधील लहानमोठ्या कारखान्यांतून निघणारीं हलक्या प्रतीचीं रिव्हॉल्व्हरें दोन-तीन डॉलरांत, आणि पुढें टपालानें घरपोंच मिळूं लागलीं. त्यांना 'डिफेंडर' म्हणजे रक्षणकर्ता, 'ट्रॅम्प्स टेरर' म्हणजे भटक्यांचा कर्दनकाळ, अशीं भारदस्त नांवें असत. नांव भारी आणि लोखंड हलकें, असा तो मामला होता. चक्री नळीशीं नीट जुळत नसे, कमानी लवकर ढिल्या पडत. पुढें १९४८ सालीं एका लेखकानें या सर्व वर्गाला आत्महत्येचीं हत्यारें अशा अर्थाचें थट्टेचें नांव दिलें, आणि जुन्या शस्त्रांच्या संग्राहकांत तेंच रूढ झालें. ही थट्टा किती खरी होती, तें पुढें दिसेल.

स्वस्त असूनहि भरंवशाचें हत्यार करणारे कारखानदार या गर्दींत अगदींच नव्हते असें नाहीं. मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील आयव्हर जॉन्सन हा त्यांपैकीं एक. त्या वेळच्या रिव्हॉल्व्हरांत मोठा दोष असा कीं, हत्यार खालीं पडून घोड्यावर आघात झाला तर गोळी सुटे. जॉन्सनच्या कारखान्यानें यावर सोपी युक्ति काढली. चाप पुरा ओढला तरच एक पट्टी वर येऊन घोडा व काडतुसावर आपटणारी खीळ यांच्यामध्यें उभी राही. एरवीं घोड्याचा आघात खिळीपर्यंत पोंचतच नसे. भरलेल्या रिव्हॉल्व्हरच्या घोड्यावर खुशाल हातोडी मारा, असें आव्हान देणाऱ्या त्याच्या जाहिराती विसाव्या शतकाच्या आरंभीं गाजल्या. त्यांतील एका चित्रांत एक लहान मुलगी बिछान्यांत बसून हें रिव्हॉल्व्हर हातांत घेऊन खेळत आहे! युक्ति खरी होती, आणि आज शंभराहून अधिक वर्षांनींहि तिच्याच धर्तीवर रिव्हॉल्व्हरें बनतात. पण जाहिरातींतील हेत्वाभास आमच्या वाचकांच्या लक्षांत आल्यावांचून राहणार नाहीं. हत्यार चुकून उडणार नाहीं, एवढेंच पट्टीनें सिद्ध केलें होतें. मुलीनें चाप ओढला तर काय, या प्रश्नाला पट्टीजवळ उत्तर नव्हतें. १९०१ च्या सप्टेंबरांत बफेलो येथें राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर ज्या हत्यारानें गोळ्या झाडल्या गेल्या, तें हेंच 'सुरक्षित' जातीचें जॉन्सनचें रिव्हॉल्व्हर. मारेकऱ्यानें तें चार दिवसांपूर्वीं त्याच शहरांत साडेचार डॉलरांस विकत घेतलें होतें. हत्यारानें आपलें काम चोख बजावलें. कोणाचें काम, हें हत्यार विचारीत नाहीं.

येथपर्यंतची हकीकत वाचून, स्वस्त पिस्तूल बंद करणें हाच शहाणपणा, असें कोणासहि वाटेल. पण इतिहास इतका सरळ नाहीं. यादवी युद्धांत दक्षिणेचा पराभव होऊन गुलाम मुक्त झाले, त्याच वर्षीं म्हणजे १८६५ त मिसिसिपी संस्थानानें मुक्त झालेल्या कृष्णवर्णी लोकांना परवान्याशिवाय बंदूक बाळगण्याची मनाई करणारा कायदा केला. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनंतर असा उघड वर्णभेद कायद्यांत ठेवणें अवघड झालें. तेव्हां १८७९ सालीं टेनेसी संस्थानानें एक निराळाच कायदा केला. सैन्यांत किंवा आरमारांत वापरतात तसल्या मोठ्या पिस्तुलांखेरीज इतर सर्व पिस्तुलांची विक्री त्यानें बंद केली. आणि दोन वर्षांनीं आर्कान्सानें त्याचाच कित्ता गिरविला. खिशांत लपविलेल्या पिस्तुलांनीं होणारे खून थांबवावे, हा या कायद्यांचा उघड हेतु. आणि असे खून होत होते यांत शंका नाहीं. परंतु सैनिकी पिस्तूल महाग. तें युद्धांतून परतलेल्या गोऱ्या शिपायांच्या घरीं आधींच होतें. नव्यानें मुक्त झालेल्या मजुराला परवडणारें होतें तें फक्त दोन डॉलरांचें. म्हणून या कायद्यांत पुष्कळ इतिहासकारांना वर्णाचें नांवहि न घेतां वर्णभेद साधण्याची हिकमत दिसते. इंग्लंडांतील तो जुना 'दर्जा' येथें किंमतीचा वेष घेऊन पुन्हां अवतरला.

ही भीति काल्पनिक नव्हती. मार्च १८९२ मध्यें याच टेनेसींतील मेम्फिस शहरीं वाण्याचें दुकान चालविणाऱ्या तिघां कृष्णवर्णी गृहस्थांना जमावानें तुरुंगांतून ओढून काढून गोळ्या घातल्या. त्यांपैकीं थॉमस मॉस हा आयडा वेल्स या संपादिकेचा स्नेही होता. वेल्सबाईंनीं आपल्या पत्रांतून या हत्येचा निषेध चालविला, आणि स्वतःच्या रक्षणासाठीं एक पिस्तूल विकत घेतलें. दोनच महिन्यांनीं त्या परगांवीं असतां जमावानें त्यांचें छापखान्याचें सामान मोडून टाकलें. प्रत्येक कृष्णवर्णी घरांत बंदुकीला मानाची जागा असावी, असें त्यांनीं त्याच वर्षीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेंत लिहिलें. ज्यांच्यासाठीं शिपाई धांवून येत नाहीं, न्यायाधीश बोलत नाहीं, त्यांना शस्त्रसंन्यासाचा उपदेश करणें फार सोपें आहे. पण तो उपदेश करणाऱ्यानें आपल्या दाराशीं कोण उभें आहे तें आधीं पाहावें.

या प्रश्नाची दोन्ही टोंकें एकाच माणसाच्या आयुष्यांत पाहावयाचीं असतील तर डॉ. ऑसियन स्वीट यांचें चरित्र पाहावें. हे डेट्रॉइट शहरांतील कृष्णवर्णी डॉक्टर. १९२५ सालीं त्यांनीं गोऱ्यांच्या वस्तींत साडेअठरा हजार डॉलरांस एक घर घेतलें. शेजाऱ्यांचा विरोध त्यांना ठाऊक होता; म्हणून ८ सप्टेंबर रोजीं ते राहावयास गेले तेव्हां सामानाबरोबर बंदुका, पिस्तुलें व काडतुसेंहि होतीं. दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं शेंकडों लोक घरासमोर जमले. पोलीस रस्त्यावर हजर होते, पण जमाव पांगविण्याचें त्यांनीं मनावर घेतलें नाहीं. दगड आले, खिडक्या फुटल्या, आणि घरांतून गोळ्या सुटल्या. बाहेरचा एक गोरा मनुष्य ठार झाला. डॉक्टर, त्यांची पत्नी, दोघे भाऊ व मित्र मिळून अकरा जणांवर खुनाचा खटला झाला. क्लॅरेन्स डॅरो यांनीं वकीलपत्र घेतलें. पहिल्या खटल्यांत जूरीचें एकमत झालें नाहीं. १९२६ च्या मे महिन्यांत धाकटा भाऊ हेन्री याच्यावरील खटल्यांत केवळ गोऱ्यांच्याच जूरीनें त्याला निर्दोष ठरविलें, आणि पुढें इतरांवरील आरोपहि काढून घेण्यांत आले. घर हा घरधन्याचा किल्ला, हें तत्त्व कृष्णवर्णी माणसालाहि लागू आहे, अशी समज न्यायाधीश फ्रँक मर्फी यांनीं जूरीला दिली होती. १६०४ सालच्या तत्त्वाला या घरापर्यंत पोंचण्यास तीनशें वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

पण चरित्र येथें संपत नाहीं. त्यांची तान्ही मुलगी व पाठोपाठ पत्नी क्षयानें दगावली. पुढचीं लग्नें टिकलीं नाहींत. पैशाची ओढग्रस्त झाली. तें घर अखेर विकावें लागलें. आणि १९६० च्या मार्च महिन्यांत डॉ. स्वीट यांनीं स्वतःवर गोळी झाडून घेतली. ज्यांच्या घरीं एके काळीं शस्त्रानें जमाव थोपविला, त्यांच्याच हातीं शेवटीं शस्त्र स्वतःवर वळलें. या दोन घटनांतील कोणतीहि एक सांगून दुसरी गाळणें म्हणजे अर्धाच इतिहास सांगणें होय.

दुसरी घटना केवळ एका दुर्दैवी माणसाची म्हणून सोडून देतां येत नाहीं, हें पुढील गणनेवरून दिसून आलें. आर्थर केलरमन व डोनाल्ड रे या दोघां डॉक्टरांनीं सिएटल शहर ज्यांत येतें त्या किंग परगण्यांतील १९७८ ते १९८३ या सहा वर्षांच्या मृत्यूंची नोंद तपासून १९८६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. घरांत बाळगलेल्या हत्यारानें त्याच घरांत घडलेले मृत्यु निघाले ३९८. त्यांपैकीं घरांत शिरूं पाहणाऱ्या परक्याचे दोन, व स्वसंरक्षणांत इतर प्रकारें घडलेले सात. उलट, आत्महत्या ३३३! उरलेल्यांत बहुतेक घरगुती भांडणांतील वगैरे खून, आणि थोडे अपघात. या गणनेवर आक्षेप आले, आणि त्यांतील एक सयुक्तिक आहे: हत्यार नुसतें दाखवितांच जो चोर पळाला, त्याची नोंद मृत्यूंच्या यादींत कशी येणार? हा आक्षेप मान्य करूनहि मुख्य गोष्ट शिल्लक राहतेच. चोर क्वचित् येतो. निराशा, क्रोध, मद्य आणि पोरवयाचें कुतूहल हीं मात्र घरांतच राहतात. आणि येथें आपला दुसरा प्रश्न तिसऱ्यावर उलटतो. हत्यार जितकें खात्रीचें, तितका क्षणिक अविचार कायमचा होण्याची खात्री अधिक.

कायद्यानें मध्यंतरीं पुष्कळ खटपट केली. न्यू यॉर्कनें १९११ त लहान पिस्तुलांस परवाना सक्तीचा केला. १९२७ त सरकारी टपालानें पिस्तुलें पाठविणें बंद झालें, तर खासगी वाहतूक कंपन्यांनीं तें काम उचललें. १९६८ च्या कायद्यानें परदेशी हलक्या पिस्तुलांची आयात थांबविली, तर दक्षिण कॅलिफोर्नियांत तसल्याच मालाचे देशी कारखाने निघाले. शेवटीं २००८ सालीं, राजधानी वॉशिंग्टनमधील पिस्तूलबंदीच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें पांचाविरुद्ध चार अशा मतांनीं घरांत स्वसंरक्षणार्थ पिस्तूल बाळगणें हा नागरिकाचा घटनादत्त हक्क ठरविला. हक्काचा निकाल झाला. हिताचा निकाल न्यायालयाच्या हातीं नसतो.

आपल्याकडे हा प्रश्न प्रथम अपमानाच्या रूपानें आला. लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींतील १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें हिंदी माणसाला परवान्याची अट घातली आणि युरोपियनांना तींतून मोकळें ठेवलें. १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनांत राष्ट्रीय सभेनें या कायद्याविरुद्ध ठराव केला, आणि १९३१ च्या कराचीच्या ठरावांत तर, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला. असें असतां, स्वातंत्र्यानंतर डिसेंबर १९४८ मध्यें हरि विष्णु कामत यांनीं तोच हक्क राज्यघटनेंत घालण्याची उपसूचना मांडली, तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं तिला विरोध केला. असा हक्क मूलभूत झाला तर चोर-दरोडेखोरहि तो सांगूं लागतील, आणि भर द्यावयाचा तर शस्त्र घेण्याच्या हक्कापेक्षां प्रसंगीं राष्ट्रासाठीं शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर द्यावा, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ज्यांच्या समाजानें गांवोगांवच्या झुंडींचा मार शतकानुशतकें सोसला, त्या पुढाऱ्याचें हें मत आहे. म्हणून त्याचें वजन विशेष. पुढें १९५९ च्या कायद्यानें परवान्याची पद्धत कायम राहिली. २०१४ सालीं कानपूरच्या सरकारी कारखान्यानें 'निर्भीक' नांवाचें अर्धा किलो वजनाचें रिव्हॉल्व्हर स्त्रियांच्या रक्षणासाठीं म्हणून काढलें, तेव्हां त्याची किंमत सुमारें सव्वा लाख रुपये होती. शेवटच्या गाडीनें एकटी घरीं परतणारी कामकरी स्त्री सव्वा लाख कोठून आणणार? येथेंहि तोच जुना 'दर्जा'.

मग उशाखालीं पिस्तूल ठेवूं पाहणाऱ्या गृहस्थाला इतिहास काय सांगतो? आमच्या मतें असें: स्वस्त व खात्रीचें हत्यार कारखाना देऊं शकतो, पण त्याची गरज लागूं नये ही व्यवस्था समाजाला व राज्यालाच करावी लागते. १९५६ च्या जानेवारींत माँटगोमेरी येथें मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बाँब पडला, तेव्हां त्यांनींहि पिस्तुलाचा परवाना मागितला होता. अधिकाऱ्यांनीं तो नाकारला. पुढें त्यांनीं व त्यांच्या पत्नीनें विचारपूर्वक घरचें हत्यार दूर केलें, आणि सारें बळ कायदा व लोकमत पालटण्याकडे लावलें. हें धैर्य प्रत्येकाला साधेल असें आम्ही म्हणत नाहीं. वेल्सबाईंना दोष देण्याचा तर अधिकारच कोणास नाहीं. पण डॉ. स्वीट यांच्या दारापुढें त्या संध्याकाळीं पोलीस उभे होते, हें विसरूं नये. त्यांनीं आपलें कर्तव्य केलें असतें, तर घरांतल्या त्या बंदुका पिशवींतच राहिल्या असत्या.